कशाचे पेढे?

६ मार्च, गुरुवार

पॉलिक्लिनिकचा, म्हणजे सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, आजी, रोज चार ओळी लिहीत जा, डोकं ताजं राहील. जाईने, माझ्या नातीने, ते मला मराठीत सांगितलं आणि शाळेतली एक कोरी वही दिली. चौथीनंतर मी किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही. डॉक्टरचं काय जातंय सांगायला. पण आज लिहिण्यासारखं घडलं, म्हणून बसले.

संध्याकाळी विनीता, माझी सून, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, आजपासून माझ्या नावावर काही नाही."

मला वाटलं, फ्लॅट एकट्या सुबोधच्या, माझ्या मुलाच्या, नावावर केला की काय. तर तसं नाही. तिची शिक्षा पुसली गेली. इथला कायदा म्हणे असा आहे, की शिक्षा थोडी असली आणि सुटल्यावर पाच वर्षं माणूस सरळ वागला, तर ती झालीच नव्हती असं धरतात. कुणी विचारलं, तुम्हाला कधी शिक्षा झाली होती का, तर नाही म्हणायचं. ते खोटं धरत नाहीत. वकिलाला विचारून तिने खात्री करून घेतली.

मी म्हटलं, अर्ज कुणाकडे दिलास? अर्ज नाही. पत्र आलं का? पत्र येत नाही. कुणाचे हातपाय धरावे लागले? नाही. ती तारीख उजाडली की आपोआप.

माझी तव्यावरची पोळी करपली. ज्या देशात जेवल्यावर ट्रे उचलला नाही तर दंड, कबुतराला दाणे टाकले तर दंड, लिफ्टपाशी वर बघावं तर कॅमेरा, त्या देशाने विसरण्याचाही कायदा करून ठेवलाय. आमच्या गावात गोविंदा शिंप्याने माझ्या लहानपणी एक कोंबडी चोरली होती. गोविंदा मेला, त्याचा मुलगा मेला, नातू मास्तर झाला. त्याला अजून कोंबडीमास्तर म्हणतात. तिथे कुणी कायदा केला तरी गाव ऐकायचं नाही.

८ मार्च, शनिवार

उद्या मीच विसरले तर असावं, म्हणून कशाची शिक्षा तेही लिहिते.

आमच्याकडे कामाला रत्ना होती. इंडोनेशियाची. नाव आपलं, धर्म मुसलमानाचा, हात चलाख. इंग्रजी तिला धड येत नव्हतं आणि मला मुळीच नाही, म्हणून ती माझ्याकडून मराठी शिकली. माझ्याकडून शिकली म्हणजे जशी मी बोलते तशीच शिकली. एकदा सुबोधला म्हणाली, "साहेब, ताट उचला, हात झिजत नाही."

त्या दिवशी ती जाईला खाली खेळायला घेऊन गेली आणि फोनवर बोलत राहिली. जाई तेव्हा दहा वर्षांची. पोरगी एकटीच दुसऱ्या ब्लॉकला गेली. सापडली लगेच, पण विनीता बँकेतून तेवढ्यात आली होती आणि तिचं डोकं फिरलं. दारातच रत्नाच्या कानफटात दिली, मग केस धरून परत एकदा. मी समोर पीठ मळत होते.

रत्ना दुसऱ्या दिवशी पोलिसांत गेली. पोलीस आले. मराठी समजणारी एक बाई त्यांनी आणली. सुबोधने मला आदल्या रात्रीच पढवून ठेवलं होतं, झोपले होते म्हण. दुपारी मी कधी झोपते? मी जे दिसलं ते सांगितलं. मी पुण्यात लोकांच्या घरी पोळ्या लाटून या सुबोधला शिकवलं. माझ्यावर कुणी हात टाकला असता आणि समोरची म्हातारी झोपले होते म्हणाली असती, तर मी तिच्या तोंडावर थुंकले असते.

विनीता तीन आठवडे तुरुंगात होती. बँक गेली. पाच वर्षं घरी बसून दुकानदारांचे हिशेब लिहिते. बाहेर कुणाला माहीत नाही. सुबोध महिनाभर माझ्याशी बोलला नाही. विनीता दुसऱ्या दिवसापासून बोलली, पण भाजी आणि डब्यापुरतंच. एवढं शिकलेली बाई, गवार का घेवडा एवढंच बोलते.

आता हार्बरफ्रंटला एका जहाजांच्या कंपनीत हिशेबाची मोठी जागा मिळते आहे. एक एप्रिलपासून या म्हणाले आहेत. शिक्षा झाली होती का असं त्यांनी विचारलं, तिने नाही म्हणून सांगितलं, कायद्याने. ही जागा गेली तर या वयात दुसरी मिळायची नाही, असं सुबोध म्हणतो.

१५ मार्च, शनिवार

माझ्याकडून गाढवपणा झालेला दिसतो. अजून मला नीट कळत नाही कसा.

आज भजन होतं, ओळखीतल्या साधनाच्या कॉन्डोत. दर महिन्याला आठ-दहा मराठी बायका जमतात, सूर कुणाचा कुणाशी लागत नाही, पण बटाटेवडा चांगला असतो. मी काल जाईला घेऊन सेरंगून रोडला, आपल्या लोकांच्या बाजारात गेले होते आणि पेढे आणले. चांगलं झालं की पेढे वाटायचे, त्यात विचार काय करायचा?

आरती झाली, मी डबा फिरवला. पहिलीनेच विचारलं, कशाचे पेढे? मग सगळ्यांनी. आपल्याकडे बाई पेढा हातात घेईल पण कशाचा ते कळल्याशिवाय तोंडात घालणार नाही. एक म्हणाली जाई पास झाली. अनघा म्हणून पुण्याहून नवीन आलेली मुलगी आहे, तिने विनीताला या वयात दिवस गेले असं ठरवूनच टाकलं. म्हटलं, उगाच काहीतरी बरळू नका, आणि सांगून टाकलं. सुनेने आमच्या कामाच्या मुलीला मारलं होतं, तिला तुरुंग झाला होता, आता सरकारने पुसून टाकलं, म्हणून.

एखादीचा ताप उतरला की ताप आला होता हे सांगायला कुणी लाजतं का? मला वाटलं, पुसलं म्हणजे आता सांगायला मोकळीक झाली. पण ज्या ढोलकी वाजवणाऱ्या बाईचं तोंड कधी बंद नसतं तीसुद्धा ढोलकी पिशवीत भरायला लागली. साधनाने पेढा अर्धा खाल्ला होता, तो गिळावा की काय करावं तिला समजेना. शेवटी कागदात गुंडाळून ठेवला. अनघाने तेवढा पुरा खाल्ला आणि म्हणाली, "आजी, छान आहे." पेढा छान आहे की बातमी, विचारायचं राहिलं.

१६ मार्च, रविवार

साधनाचा नवरा अनीश त्याच जहाजांच्या कंपनीत आहे. हे मला काय माहीत? मी काय कंपन्यांच्या याद्या पाठ करते?

सुबोध सकाळी चहाचा कप हातात घेऊन उभाच राहिला. त्याला कुणाचातरी मेसेज आला होता. म्हणाला, "आई, आम्ही पाच वर्षं तोंड शिवून बसलो. तू पाव किलो पेढ्यांत सगळं वाटून आलीस."

अर्धा किलो होते, पण मी बोलले नाही.

मग म्हणाला, तेव्हाही तूच, आताही तूच. कायदा विसरला, तू विसरू देऊ नकोस. जाई इथल्या पोरांसारखं बोलत मध्ये पडली, "पापा, रिलॅक्स लाह," तर तिच्यावरही ओरडला.

विनीता धुतलेले कपडे बांबूवर घालून खिडकीबाहेर लावत होती. एकही चिमटा हातातून निसटला नाही. मी शिव्यांना तयार होते. शिव्यांना मी उत्तर देऊ शकते.

१८ मार्च, मंगळवार

दुपारी वाल सोलायला घेतले. विनीता येऊन समोर खाली बसली आणि तीही सोलायला लागली.

मग तिने विचारलं, "तुम्ही नेमकं काय म्हणालात तिथे? शब्द सांगा."

मी शब्द सांगितले.

"मेडला मारलं म्हणालात, की मुलीला?"

"मुलीला. कामाच्या मुलीला."

तिने मान हलवली आणि परत वाल. मी म्हटलं, चूक झाली बाई माझी, पण पेढे काय तोंड बांधून वाटायचे? यावर तिला हसू आलं. माझ्यासमोर ती कधी हसली होती ते आठवावं लागेल.

रात्री जेवताना तिने सांगितलं, की ती स्वतः जाऊन कंपनीतल्या बाईंना सांगणार आहे. सुबोधने पान सरकवलं. सांगायची गरज नाही, कायदा तुझ्या बाजूने आहे, तू नाही म्हणालीस ते खोटंही धरत नाहीत, तू वेडी आहेस. सगळं खरं होतं त्याचं.

विनीता म्हणाली, "अनीशने सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं." आणि मग माझ्याकडे वळून, "आई, तुम्ही याल माझ्याबरोबर?"

मला कशाला? मला इंग्रजी येत नाही, मी बोलले की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. पण हो म्हटलं. बिरडं चांगलं झालं होतं.

२० मार्च, गुरुवार

हार्बरफ्रंटला जाऊन आलो. पाय दुखताहेत पण लिहिते.

विनीताने मला खाली काचेपाशी बाकावर बसवलं आणि वर गेली. काचेच्या पलीकडे समुद्र, आणि समुद्रात एक जहाज. मी आधी ती इमारतच समजले. आमच्या ब्लॉकपेक्षा उंच, खिडक्याच खिडक्या. मग ती इमारत हळूच हलली आणि चालायला लागली. एवढं मोठं धूड, आवाज नाही, धक्का नाही, पाण्याला विचारून निघाल्यासारखं. मी उभी राहिले. या वयात कुणासाठी उभं राहत नाही मी. शेजारी एक चिनी म्हातारा होता, तोही उभा राहिला. आम्ही दोघं बघत राहिलो. तो काहीतरी म्हणाला, मी हो म्हटलं.

इंडोनेशियातल्या बातामच्या बोटी तिथूनच सुटतात. रत्ना आता बातामला असते, नवऱ्याची खानावळ आहे. म्हणजे एवढ्याशा पाण्यापलीकडे. मला वाटायचं, फार लांब गेली.

विनीता खाली आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा होता. आधी खाऊ म्हणाली. तिने नूडल्स घेतल्या, मला भात. खाताना सांगितलं.

वरच्या बाई, मिसेस लिम, वयाने माझ्यापेक्षा थोड्या लहान. विनीताने सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, हे सांगायला तू बांधलेली नाहीस, माहीत आहे ना? विनीता म्हणाली, माहीत आहे. मग विचारलं, तक्रार कुणी केली? त्या मुलीने. साक्षीदार होता का? हो, माझी सासू. मग त्या बाई थोडा वेळ पेनचं टोपण उघडत मिटत राहिल्या आणि म्हणाल्या, "ती सासू आता कुठे असते?"

विनीता म्हणाली, "खाली बसली आहे. माझी वाट बघते आहे."

यावर म्हणे त्या बाईंनी टोपण ठेवून दिलं आणि खिडकीतून खाली पाहिलं. बाक काही वरून दिसत नाही. मग म्हणाल्या, आठवड्याभरात कळवते.

त्यात बघण्यासारखं काय होतं ते मला समजलं नाही. खालीच तर होते मी. आणि कुठे असणार?

नूडल्सचं सूप विनीताने वाडगं उचलून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं. ट्रे मी उचलला.

२५ मार्च, मंगळवार

काही कळवलेलं नाही. सुबोध फोनकडे बघतो, विनीता बघत नाही. लिफ्टमध्ये साधना भेटली, कुणाकडे तरी आली होती. तिने विचारलं, आजी, कशा आहात? म्हटलं, तोंड आहे तिथेच आहे. ती खालच्या मजल्यावर उतरून गेली. तिचं काम बहुधा वरच्या मजल्यावर होतं.

२८ मार्च, शुक्रवार

आज फोन आला. मंगळवारपासून या.

मी दोनदा विचारलं, सगळं माहीत असूनही? हो. मिसेस लिम म्हणाल्या, की आमच्या कागदावर काही नाही कारण कायद्याच्या कागदावर काही नाही, आणि तू जे बोललीस ते मी एका बाईकडून दुसऱ्या बाईने ऐकलं तसं ऐकलं आहे. म्हणाल्या, अनीश मंगळवारीच येऊन बोलून गेला होता. तू त्यानंतर आली असतीस तर माझं उत्तर दुसरं असतं.

मंगळवारी. म्हणजे आम्ही गेलो त्याच्या आधी की नंतर? मी बोटांवर मोजलं. नंतर. विनीताने गुरुवारी सांगितलं, तो पुढच्या मंगळवारी गेला. सुबोध सोफ्यावर बसला होता तो बसूनच राहिला. मग उठून मला म्हणाला, आई, चहा करू? माझ्या मुलाला चहा करता येतो हे आज कळलं. साखर जास्त झाली होती. प्यायले.

मी विचार करते आहे. आपण नाव पुसायचं म्हणजे काय करतो? गाव सोडतो, आडनाव बदलतो, नाहीतर मरतो. इथे माणूस त्याच घरात राहिला, त्याच बस स्टॉपवर उभा राहिला, आणि तरी पुसलं. आणि ज्या दिवशी तोंड बंद ठेवायची सनद हातात आली, त्याच पंधरवड्यात या बाईने जाऊन तोंड उघडलं. मला तिचं डोकं समजत नाही. माझी आई असती तर म्हणाली असती, हिच्या कपाळाला हात लावून बघ.

पेढे कुणी आणले नाहीत. मी तर नाव काढलं नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. बांबूवर कपडे वाळत होते, ते काढून त्यालाच गुढी बांधली. खालून एका मलायी बाईने फोटो काढला. श्रीखंड पातळ झालं.

३१ मार्च, सोमवार

आज हरी राया. मलायी लोकांची ईद. सुट्टी. खाली सगळे एका रंगाचे कपडे घालून, आईबाप पोरं सगळी हिरवी नाहीतर सगळी जांभळी, डबे घेऊन चालली होती.

रत्ना दरवर्षी या दिवशी मला फोन करते. त्यांच्यात रीत आहे, की ईदेला प्रत्येकाने प्रत्येकाची क्षमा मागायची. थोरांची आधी. चूक केली असो नसो. मी तिला दरवर्षी म्हणते, तू काय केलंस गं माझं, तर म्हणते, माहीत नाही, म्हणून मागते. फोन आला की विनीता उठून आतल्या खोलीत जाते. हेही दरवर्षीचं.

आज मी गुळाच्या पोळीची कणीक मळत होते. हात भरलेले. फोन वाजला तो विनीताने उचलून माझ्यासाठी ओट्यावर मोठ्या आवाजात लावला, आणि जायला वळली.

रत्ना म्हणाली, "आजी, मला माफ करा. आतून, बाहेरून." त्यांच्यात माफी मागायचे शब्दच तसे आहेत.

मी म्हटलं, केलं बाई, जेवलीस का? ती म्हणाली, जेवली, नवरा आळशी आहे, उठत नाही, ढिम्म. तो ढिम्म शब्द माझाच.

विनीता दारापर्यंत गेली होती. तिथून परत आली. फोनपाशी वाकली.

"रत्ना, मी विनीता."

पलीकडे कुणीतरी पंखा बंद केला.

"म्याम," रत्ना म्हणाली.

"मी तुला मारलं होतं."

हा शब्द तिच्या तोंडून मी आजवर ऐकला नव्हता. कोर्टातही वकील बोलला होता. सुबोध बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता, त्या पेपराचा आवाज थांबला.

रत्ना म्हणाली, "हो म्याम. दोन वेळा."

"दोन वेळा," विनीता म्हणाली.

मी मध्ये बोलणार होते, पण तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या तोंडाने एवढं आयुष्यात केलं नव्हतं.

"आजी आहे का?" रत्नाने विचारलं. मी म्हटलं, इथेच आहे. ती म्हणाली, "म्याम रडते का?"

मी बघितलं. म्हटलं, नाही. उभी आहे.

"बरं," रत्ना म्हणाली. आणि मग सावकाश, शब्द शोधत, कारण मराठी बोलायला तिला आता माझ्याशिवाय कुणी नाही, "आज मी माफ सगळ्यांना केलं. म्यामला आज नाही. पुढच्या रायाला म्यामने परत फोन करायचा. मी उचलेन."

विनीताने हो म्हटलं. मग रत्नाने जाईची उंची विचारली आणि फोन ठेवला.

सरकारला पाच वर्षं पुरली. या पोरीने वरून एक मागून घेतलं, आणि ज्या आवाजात मागितलं तो आवाज कुठल्या जज्जाचा असेल असं मला वाटत नाही. मी तिला भांडी घासायला शिकवलं. हे कुणी शिकवलं?

विनीताने हात धुतले, माझ्यासमोरचं पीठ ओढून घेतलं आणि मळायला लागली. मळता मळता आत जाईला हाक मारून विचारलं, पुढच्या वर्षी राया कधी आहे ते बघ. जाईने फोनवर बघून सांगितलं, मार्चमध्येच, थोडा आधी येतो.

"आधी का?" विनीताने विचारलं.

जाई म्हणाली, त्यांचं वर्ष चंद्राचं असतं, आपल्यापेक्षा लहान.

विनीता म्हणाली, "बरं आहे," आणि कणकेला मूठ मारली.